घरमालकाच्या कपाटातला पुरावा

घर भाड्याने घ्यायला गेलेल्या माणसाला वंशामुळे, धर्मामुळे किंवा अपंगत्वामुळे परत पाठवले जाते, तेव्हा त्याच्या हाती पुरावा म्हणता येईल असे फारसे काही उरत नाही. एक तारीख, एक पत्ता, लक्षात राहिले असेल तर समोरच्याचे नाव आणि बहुतेक वेळा अत्यंत सभ्य स्वरात उच्चारलेले ‘घर कालच गेले’ असे एखादे वाक्य, एवढाच ऐवज घेऊन तो तक्रार करायला येतो. घर खरोखर काल गेले होते का, गेले असल्यास कोणाला गेले, त्या व्यक्तीचा पगार किती होता आणि तिच्याकडून अनामत किती घेतली, या प्रश्नांची उत्तरे मात्र ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कपाटात असतात. अमेरिकेत घर मिळण्यातील भेदभावाच्या तक्रारी ज्या रीतीने नोंदवल्या आणि तपासल्या जातात, त्या रीतीतील बहुतेक टप्पे, मुदती आणि अधिकार या विषमतेतून आलेले आहेत. आणि या कामात मुरलेल्या तपासनिसाची नजरही हळूहळू तक्रारदाराच्या कथनावरून घरमालकाच्या नोंदवहीकडे वळलेली असते.

‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’ या नावाने ओळखला जाणारा हा कायदा ११ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्याभरात, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने अस्तित्वात आला. त्याआधी दोन वर्षे किंग स्वतः शिकागोच्या पश्चिम भागातील एका मोडकळीस आलेल्या घरात राहून खुल्या घरबाजारासाठी चळवळ चालवत होते, आणि त्या चळवळीतील कार्यकर्ते गोऱ्या वस्तीतील दलालांच्या कचेऱ्यांत आधी कृष्णवर्णीय आणि मग गोरे ग्राहक पाठवून दोघांना मिळणाऱ्या उत्तरांची तुलना करत होते. पुढे तपासाचे मुख्य हत्यार ठरलेली ही युक्ती कायद्याच्या आधीची आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कायदा संमत होण्यासाठी सिनेटमध्ये जी तडजोड झाली तिच्यात त्याचे दात काढून घेतले गेले. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नागरी विकास खात्याला, ज्याला तिथे सगळे ‘हड’ म्हणतात, तक्रार घेण्याचा, चौकशी करण्याचा आणि दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालण्याचा अधिकार मिळाला. समजूत पटली नाही तर पुढे करण्यासारखे खात्याच्या हाती काही नव्हते. वीस वर्षे ही स्थिती चालली. १९८८ च्या दुरुस्तीने मुदती, दंड आणि प्रशासकीय न्यायाधीशांपुढील सुनावणी या गोष्टी आणल्या, आणि आजचा तपास खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचा आहे.

तक्रारीचा पहिला टप्पा नोंदणीचा असतो, आणि तो बाहेरून वाटतो तितका यांत्रिक नसतो. हा कायदा घरमालकाच्या प्रत्येक अन्यायाला लागू होत नाही. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश हे चार आधार १९६८ मध्ये होते, लिंगाची भर १९७४ मध्ये पडली, आणि अपंगत्व व कौटुंबिक स्थिती, म्हणजे मुख्यतः घरात अठरा वर्षांखालील मूल असणे, हे दोन १९८८ मध्ये आले. या सातांपैकी एखाद्या कारणामुळे वेगळी वागणूक मिळाली, असे म्हणणे असेल तरच तक्रार कायद्याच्या कक्षेत येते. गळणारे छत, परत न मिळालेली अनामत, शेजाऱ्याचा रात्रीचा गोंगाट, सरकारी भाडेसाहाय्याचे व्हाउचर दाखवताच फिरलेली घरमालकाची पाठ, असे सगळे घेऊन लोक येतात, आणि यातल्या पुष्कळ गोष्टी अन्याय्य असूनही केंद्राच्या कायद्यात बसत नाहीत. व्हाउचरधारकाला काही राज्यांच्या कायद्यांनी संरक्षण दिले आहे, केंद्राने दिलेले नाही. त्यामुळे नोंदणीच्या कामात बसलेल्या माणसाला रोज अनेकांना ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगावे लागते, आणि ज्यांना आधीच कुठेतरी दार बंद झाल्याचा अनुभव आलेला आहे त्यांना ते ऐकवणे हा या नोकरीतला सर्वांत नावडता भाग म्हणावा लागेल.

कक्षेत बसणारी तक्रार लेखी आणि शपथपूर्वक द्यावी लागते, आणि घटनेपासून एका वर्षाच्या आत द्यावी लागते. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जात जे विचारले जाते ते दिसायला साधे असते: कोणाविरुद्ध तक्रार आहे, घर कुठले, काय घडले, केव्हा घडले आणि ते अमुक कारणाने घडले असे का वाटते. पण माणूस अपमान सांगायला आलेला असतो आणि अर्जाला घटना हवी असते. घरमालक वर्णद्वेष्टा आहे, हे वाक्य तक्रारदाराच्या दृष्टीने संपूर्ण सत्य असले तरी तपासाला त्याचा उपयोग शून्य. मंगळवारी सकाळी फोनवर दोन बेडरूमचे घर रिकामे असल्याचे सांगितले आणि त्याच दुपारी प्रत्यक्ष गेल्यावर ते दिल्याचे सांगितले, हे वाक्य मात्र तपासाला उभे राहायला जमीन देते, कारण त्याची शहानिशा करता येते. फोन करताना नाव सांगितले होते का, उच्चारावरून काही कळण्यासारखे होते का, त्या कचेरीत आणखी कोण बसले होते, बाहेरची ‘घर भाड्याने देणे आहे’ ही पाटी त्यानंतर किती दिवस होती, हे प्रश्न विचारत विचारत कथन लहान होत जाते. आपले दुःख कोणीतरी छाटून कागदात बसवत आहे, अशी भावना तक्रारदाराच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते, आणि ती चुकीचीही नसते. पण छाटल्याशिवाय राहिलेले कथन पुढे सामनेवाल्याचा वकील छाटतो, आणि तो अधिक निर्दयपणे छाटतो.

तक्रार दाखल झाली की दहा दिवसांत सामनेवाल्याला नोटीस जाते, आणि ती मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याने उत्तर द्यायचे असते. ज्या राज्याचा किंवा शहराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या कायद्याच्या तोडीचा असल्याचे ‘हड’ने मान्य केले आहे, तिथली तक्रार त्या स्थानिक संस्थेकडे वर्ग होते. तपास शंभर दिवसांत पुरा व्हावा असे कायदा म्हणतो. न झाल्यास विलंबाचे कारण दोन्ही पक्षांना लेखी कळवावे लागते, आणि अशी पत्रे थोडीथोडकी जात नाहीत. नोटिशीबरोबरच तक्रारदारावर सूड उगवणे हाही स्वतंत्र गुन्हेवजा भंग असल्याचे सामनेवाल्याला कळवले जाते. तरीही त्याच इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूने तक्रार केल्यावर आठवड्याभरात त्याच्या पार्किंगविषयी, कचऱ्याविषयी, पाहुण्यांविषयी लेखी समज येऊ लागतात. मूळ भेदभाव सिद्ध होत नाही आणि हा सूड मात्र तारखांवरून सहज सिद्ध होतो, असे प्रकार तपासनिसांच्या चांगले परिचयाचे आहेत.

तपासनीस तक्रारदाराचा वकील नसतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना समजावून सांगण्यात त्याचा बराच वेळ जातो आणि दोघांनाही ती पुरती पटत नाही. त्याचे काम तथ्य गोळा करण्याचे असते, आणि ती गोळा करण्याची त्याची पहिली पायरी म्हणजे कागदांची मागणी. भाड्याचे खाते, ज्यात प्रत्येक घराचा क्रमांक, भाडेकरू, करार सुरू होण्याची तारीख आणि भाडे एका ओळीत असते, त्या काळात आलेले सगळे अर्ज, स्वीकारलेले आणि नाकारलेले दोन्ही, प्रतीक्षायादी, निवडीचे लेखी निकष, आणि कचेरीत चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव व गरज ज्यावर टिपून ठेवतात ती कार्डे. सामनेवाल्याने कागद दिले नाहीत तर समन्स काढण्याचा अधिकार असतो. शक्य असेल तिथे तपासनीस जागेवर जातो, कारण कागदात न दिसणारे काही तिथे दिसते: मुले असलेली सगळी कुटुंबे मागच्या एकाच इमारतीत का आहेत, पोहण्याच्या तलावाशेजारच्या इमारतीत एकही का नाही, हे भाड्याच्या खात्यात कोणी लिहीत नाही.

खरा तपास या कागदांच्या तुलनेत घडतो. समजा, घरमालकाचे म्हणणे असे आहे की तक्रारदाराचे उत्पन्न भाड्याच्या तिप्पट नव्हते म्हणून त्याला नकार दिला. कारण कायदेशीर आहे, अनेक ठिकाणी हाच नियम असतो, आणि तक्रारदाराचे उत्पन्न खरोखरच थोडे कमी भरते. इथे तक्रार संपली असे बाहेरच्याला वाटेल. तपासनीस मात्र त्याच सहा महिन्यांत घर मिळालेल्या इतरांच्या फायली ओळीने मांडतो, प्रत्येकाच्या पगाराच्या पावतीवरची रक्कम भाड्याशी ताडून पाहतो, आणि त्यात अडीचपट उत्पन्नाच्या दोन गोऱ्या भाडेकरूंच्या फायलींवर व्यवस्थापिकेच्या अक्षरात ‘जामीनदार चालेल’ असा शेरा सापडतो. तक्रारदाराला जामीनदार आणता येईल हे कोणी सांगितलेच नव्हते. नियम खोटा नव्हता; तो वाकवण्याची सोय कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, यात भेदभाव होता. याउलट असेही होते की फायली मांडल्यावर सर्व वंशांच्या अर्जदारांना तोच नियम तितक्याच कडकपणे लावलेला दिसतो. तेव्हा व्यवस्थापिकेचे बोलणे उद्धट होते हे मान्य करूनही तपासनिसाला भेदभाव दिसला नाही असेच लिहावे लागते. अनुभवी तपासनीस आणखी एका गोष्टीवर नजर ठेवतो, ती म्हणजे बदलणारे कारण. पहिल्या उत्तरात घर आधीच गेले होते, वकिलाच्या पत्रात उत्पन्न कमी होते आणि मुलाखतीत अर्जदाराचे जुने घरमालक त्याच्याविषयी चांगले बोलले नाहीत, असा कारणांचा प्रवास झाला, तर तीनही कारणे दिखाऊ असल्याचा संशय घेण्यास कायदा वाव देतो. इथे पुराव्याचे माप फौजदारी खटल्यासारखे निःसंशय सिद्धतेचे नसते; भेदभाव झाला असण्याची शक्यता न झाल्याच्या शक्यतेहून अधिक दिसली की पुरते.

पण या साऱ्या पद्धतीला एक मूळचीच मर्यादा आहे: तक्रार करण्यासाठी आपल्याशी भेदभाव झाला हे माणसाला आधी कळावे लागते. ‘हड’ने २०१२ मध्ये २८ महानगर प्रदेशांत ८,००० हून अधिक जोड-चाचण्या करवल्या. जोड-चाचणी म्हणजे उत्पन्न, वय, कुटुंब अशा सर्व बाबतींत सारख्या, केवळ वंशात वेगळ्या असलेल्या दोन व्यक्तींनी तेच घर स्वतंत्रपणे विचारणे. या चाचण्यांत भेटच नाकारण्याचे प्रकार फार थोडे आढळले, मात्र कृष्णवर्णीय भाडेकरूंना गोऱ्यांपेक्षा सुमारे ११ टक्के आणि आशियाई भाडेकरूंना जवळजवळ १० टक्के कमी घरांची माहिती दिली गेली. ज्याला चार घरे सांगितली गेली त्याला पाचवे होते हे कळणार कुठून? तो तर चहापाण्याने आणि हसतमुख निरोपाने खूश होऊन घरी गेलेला असतो. म्हणूनच खासगी संस्थांच्या चाचणी-जोड्यांना या क्षेत्रात इतके मोल आहे. घर घ्यायचेच नसलेल्या चाचणीकर्त्याला तक्रारीचा हक्क काय, हा आक्षेप १९८२ च्या हेवन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन या व्हर्जिनियातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, आणि घराविषयी खरी माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला असल्यामुळे खोटी माहिती मिळालेल्या चाचणीकर्तीचाही हक्कभंग होतो, असे न्यायालयाने ठरवले. चाचणीकर्त्याने भेटीनंतर शक्य तितक्या लवकर, आपल्या जोडीदाराशी एक शब्दही न बोलता, अहवाल लिहायचा असतो. कोणाच्या हातात घरांची यादी दिली आणि कोणाला तोंडी सांगितले, अशा क्षुल्लक तपशिलांनी भरलेला तो रूक्ष अहवाल न्यायालयात भावनेने ओथंबलेल्या साक्षीपेक्षा जास्त टिकतो.

अपंगत्वाच्या तक्रारींची जात वेगळी आहे, आणि अलीकडच्या वर्षांत एकूण तक्रारींत निम्म्याहून अधिक त्याच असतात. इथे काय घडले यावर फारसा वाद नसतो. भाडेकरूने इमारतीच्या दाराजवळची पार्किंगची जागा मागितली, किंवा पाळीव प्राण्यांना बंदी असलेल्या इमारतीत मानसिक आजारात आधार देणारा कुत्रा ठेवण्याची परवानगी मागितली, आणि मालकाने नियमावर बोट ठेवले. कायदा इथे मालकाकडून सारखेपणाच्या पलीकडचे काही मागतो: अपंग व्यक्तीला घराचा उपभोग इतरांप्रमाणे घेता यावा म्हणून नियमात वाजवी सवलत द्यावी लागते. सगळ्यांना एकच नियम, हे इतरत्र मालकाच्या बचावाचे वाक्य असते; इथे तेच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. अशा तक्रारी लवकर निकाली निघतात, कारण पुष्कळ मालकांना कायदाच ठाऊक नसतो आणि कळला की ते परवानगी देऊन मोकळे होतात.

समेटाचे दार तपासाच्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत उघडे ठेवावे, असे कायदाच सांगतो, आणि समेटाच्या बोलण्यात जे सांगितले जाते ते उभयतांच्या संमतीशिवाय पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. तक्रारदाराला थोडी भरपाई, क्वचित पुढचे रिकामे होणारे घर, मालकाच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि काही काळ नोंदी सादर करण्याचे बंधन, असा साधारण करार होतो. समेट झाला नाही तर तपासाचा अंतिम अहवाल तयार होतो, आणि त्यावरून भेदभाव झाल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे किंवा नाही, यांपैकी एक निष्कर्ष निघतो. कारण आहे असे ठरले की ‘हड’ रीतसर आरोप दाखल करते आणि दोहोंपैकी कोणत्याही पक्षाला वीस दिवसांत हे प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशाऐवजी केंद्रीय न्यायालयात नेण्याची निवड करता येते. न्यायालयात ज्यूरी असते आणि दंडात्मक भरपाईही मिळू शकते. प्रशासकीय न्यायाधीशाला १९८८ च्या मूळ तरतुदीनुसार पहिल्या भंगासाठी दहा हजार डॉलरपर्यंत दंड करता येत असे, आणि महागाईनुसार ही मर्यादा पुढे वाढत गेली आहे. तक्रार न करता, किंवा करूनही, दोन वर्षांच्या आत थेट न्यायालयात जाण्याची वाट वेगळी असते.

या सगळ्यात जे घर मागितले होते ते मात्र सहसा हाती लागत नाही. घर हातचे जाणार असे दिसल्यास तात्पुरता मनाईहुकूम मागण्याची सोय आहे, पण ती वापरायला तक्रार पहिल्या काही दिवसांत यावी लागते, आणि माणसे आधी दुसरे छप्पर शोधतात, मुलांच्या शाळेचे बघतात, मग तक्रारीचा विचार करतात. दरम्यान तिथे राहायला आलेल्या, प्रकरणाची काहीच कल्पना नसलेल्या भाडेकरूला कायदा बाहेर काढत नाही, आणि काढू नये हे योग्यच आहे. तक्रारदाराला न्याय मिळतो तो पैशात आणि कागदावर.

कायद्यातून सुटलेल्या जागाही आहेत, आणि त्यांतली एक भारतीयांच्या ओळखीची आहे. चारपेक्षा अधिक घरे नसलेल्या ज्या इमारतीत मालक स्वतः राहतो, ती बहुतेक तरतुदींतून वगळली आहे. सिनेटच्या चर्चेत खोल्या भाड्याने देणाऱ्या मिसेस मर्फी नावाच्या काल्पनिक बाईचे उदाहरण वारंवार आले म्हणून या सवलतीला तिचेच नाव पडले. मात्र जाहिरातीचा नियम या बाईलाही लागू आहे: ‘अमुकच लोक हवेत’ असे छापण्याची मुभा तिलाही नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात आपल्या दुमजली घराचा तळमजला देताना ‘फक्त भारतीय कुटुंबाला’ असे लिहिणारा मराठी घरमालक म्हणूनच कायदा मोडत असतो, मग निवड करताना तो मोडो अगर न मोडो. एकाच घरात खोली वाटून घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने रूममेट निवडण्याला हा कायदा लागू नसल्याचा निर्णय दिला.

भारतात या धर्तीची यंत्रणा नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ हा अस्पृश्यतेच्या कारणाने एखाद्या वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास मज्जाव करणे गुन्हा ठरवतो, पण गुन्हा म्हटला की पोलीस, फिर्याद आणि निःसंशय पुराव्याचे ओझे आले, आणि पुरावा मालकाच्या कपाटात असताना ते ओझे कोणाला पेलत नाही. धर्माच्या बाबतीत तर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, पारशी नसलेल्यांना सदस्यत्व नाकारणारा उपविधी वैध ठरवला. मुंबईत दलाल फोनवरच आडनाव विचारून ‘सोसायटीत चालत नाही’ असे सांगतो, ते कोणीही लपवण्याच्या भानगडीत पडत नाही. अमेरिकन तपासनिसाला शंभर दिवस खपून जे सिद्ध करावे लागते ते इथे आपणहून उच्चारले जाते आणि ऐकून घेणारी खिडकी नसते.

सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या भेदभावविरोधी कायद्यात जात हा आधार घातला, आणि तो घरांच्या व्यवहारालाही लागू आहे. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी विधिमंडळाने संमत केलेल्या अशाच विधेयकावर राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. सिअ‍ॅटलसारख्या ठिकाणी अशी तक्रार आली तर वर सांगितलेली पद्धत अडखळेल, कारण अमेरिकेतल्या कोणत्याही भाडे-अर्जात जातीचा रकाना नाही, आणि भाड्याच्या खात्यातील नावे वाचून स्थानिक तपासनिसाला ती सगळी एकसारखीच भारतीय वाटतील. तुलनेसाठी फायली ओळीने मांडायच्या तरी त्यांत कोण कोणाहून वेगळा, हे त्याला सांगणारे कोणीतरी लागेल. जोड-चाचणीसाठीही उत्पन्न आणि शिक्षण सारखे असलेले, पण आडनावाने वेगळे कळणारे दोघे मराठी भाषकांमधूनच निवडावे लागतील, आणि त्यांच्या अहवालात घराच्या भाड्याइतकेच काटेकोरपणे टिपावे लागेल, की मालकाने ‘मूळ गाव कुठले’ हे कोणाला विचारले, घरात मांस शिजते का हे कोणाला विचारले, आणि आडनाव ऐकल्यावर वडिलांचे पूर्ण नाव कोणाकडून वदवून घेतले.